विड्याचा नकाशा

माहीम म्हटलें कीं बहुतेकांच्या मनांत मुंबईचें माहीम येतें. आम्ही ज्या माहीमाविषयीं लिहीत आहों तें पालघर स्टेशनाच्या पश्चिमेस, समुद्राच्या काठीं, केळव्याच्या शेजारीं वसलेलें आहे; दोहोंचा घोटाळा होऊं नये म्हणून लोक त्याला केळवें-माहीम म्हणतात. एके काळीं हें तालुक्याचें ठाणें होतें. १८८२ सालीं छापलेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तालुक्याचें नांवच माहीम असें दिलें आहे. परंतु १८६४ मध्यें गुजराथेंतून मुंबईस येऊन मिळालेली आगगाडी गेली ती पालघरावरून. मग कचेऱ्या हळूहळू रुळांच्या बाजूस सरकल्या, तालुक्यास पालघर हें नांव पडलें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. माहीम होतें तेथेंच राहिलें. नारळी, पोफळी, केळी आणि पानवेली यांच्या सावलींत.

ह्या माहीमांत एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग नुकताच आला. निमंत्रण जेवणाचें होतें. जेवण उत्तम झालें. परंतु हात धुऊन ओटीवर येतों न येतों तोंच लक्षांत आलें कीं आम्हांस पंच म्हणून बोलाविलें आहे.

घर चार बिऱ्हाडांचें, चूल अद्याप एक. वडीलधारे काका वाडी पाहतात. थोरला पुतण्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यावर देखरेखीच्या कामास आहे. धाकटा पुण्यास संगणकाच्या कंपनींत. धाकट्याचें म्हणणें असें कीं, पानें दलालाच्या हवालीं करण्याचे दिवस गेले. आपण स्वतःचें मोबाईलवरचें ॲप तयार करावें, माल ठेवण्यास एक लहानसें शीतगृह बांधावें, आणि पान खाणाऱ्यास थेट विकावें. ह्यास पैसा लागणार. तो वाडी तारण ठेवून काढावयाचा. काकांनीं ह्यावर एकच वाक्य उच्चारलें होतें: “वाडी गहाण टाकायची ती माझ्यामागें टाका.” त्या वाक्यानंतर काका-पुतण्यांचें तीन महिने बोलणें बंद होतें. जेवणाच्या पंक्तींत “काकांना भात हवा का विचार” असे निरोप चालत असल्याचें आम्हीं स्वतः ऐकलें.

धाकट्यानें आपल्या योजनेचीं चाळीस पानें छापून आणलीं होतीं. छपाई सुबक, रंग मोहक. एका पानावर चार चौकटींचें तें प्रसिद्ध कोष्टक होतें: आपलें बळ, आपला दुबळेपणा, संधी, संकटें. बळाच्या चौकटींत ‘तीन पिढ्यांची परंपरा’ आणि संकटांच्या चौकटींत ‘स्पर्धा’ असें लिहिलें होतें. आम्हीं तीं पानें दोनदां चाळलीं. त्यांतलें एकही विधान खोटें नव्हतें. पण हीं चाळीस पानें माहीमच्या पानवाडीऐवजीं नाशिकच्या द्राक्षबागेस किंवा रत्नागिरीच्या आंबेवाल्यास लावलीं असतीं तरी फारसा फरक पडला नसता. ज्या कागदावर जागा कोठेंच नाहीं, तो कागद कोठेंही चालतो.

ह्याच किनाऱ्यावरचें एक उदाहरण तेथें सहज आठवलें. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीआप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं माहीम, केळवें, तारापूर हीं ठाणीं घेतलीं, आणि मे महिन्यांत वसई पडली. आधीं दमण आणि वसई यांमधली ठाण्यांची माळ तोडली, मग मुख्य किल्ला. आतां कल्पना करा कीं, आप्पांपुढें कोणी नकाशा न ठेवतां चार चौकटींचें कोष्टक ठेवलें आहे: आपलें बळ, शौर्य, शत्रूचें बळ, तोफा आणि आरमार, संधी, फिरंग्यांविषयीं रयतेचा असंतोष. सर्व अक्षरशः खरें. परंतु तारापूर आधीं कीं वसई आधीं, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांत शोधून सांपडणार नाहीं, कारण तें ठिकाणांच्या परस्पर स्थानांत आहे.

धंद्याला असा नकाशा असूं शकतो काय, हा प्रश्न ज्या गृहस्थास पडला त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. सायमन वॉर्डली हे इंग्रज. ‘कॅनन’ ह्या जपानी कंपनीच्या मालकीच्या ‘फोटँगो’ नांवाच्या ब्रिटिश कंपनीचे मुख्याधिकारी. त्यांनीं मागाहून मोठ्या प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे कीं, कंपनी कोठें न्यावी ह्याचें धोरण आपण ठरवीत होतों खरे, पण तें दुसऱ्यांच्या धोरणांतले शब्द जुळवून. आपणांस कांहीं कळत नाहीं हें कोणास कळूं नये एवढीच धडपड. युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या सुन-त्झू ह्या प्राचीन चिनी पंडिताच्या ग्रंथाचें भाषांतर त्यांनीं घेतलें. त्याबरोबर दुसरेंही एक भाषांतर घेतलें. सेनापतीपाशीं भूमीचें ज्ञान असतें, आपल्यापाशीं भूमीच नाहीं, ही गोष्ट त्यांतून त्यांच्या ध्यानांत आली. २००५ सालीं त्यांनीं धंद्याचा पहिला नकाशा काढला. पुढें ही पद्धत त्यांनीं पेटंटांत न अडकवतां सर्वांस वापरण्यास मोकळी करून दिली, आणि आज जगांत ती ‘वॉर्डली नकाशा’ ह्या नांवानें ओळखली जाते.

पद्धत थोडक्यांत अशी. ज्याची गरज भागवावयाची तो माणूस कागदाच्या शिरोभागीं. त्याला जी वस्तु हवी ती त्याच्या खालीं. ती वस्तु ज्यांवर अवलंबून त्या आणखी खालीं. आणि अशी साखळी उतरत जाते. जें ग्राहकास दिसतें तें वर, जें त्यास दिसत नाहीं तें तळाशीं. ही झाली उभी दिशा. इतकी तर कोणतीही चतुर गृहिणी लग्नाच्या यादींत करीत असते. वॉर्डलींची खरी भर आडव्या दिशेंत आहे. प्रत्येक वस्तु किती पिकलेली आहे, त्यावरून ती डावीकडे कीं उजवीकडे तें ठरतें. त्यांनीं चार पायऱ्या मानल्या आहेत. त्यांस आम्ही आमच्यापुरते नवल, घडण, दुकान आणि नळ असे शब्द योजतों. पहिल्यानें वस्तु नवल असते, कोणास धड ठाऊक नसते. मग ती गरजेप्रमाणें एकेकटी घडवून घेतात. पुढें तिचा दुकानीं माल होतो. शेवटीं ती नळाच्या पाण्यासारखी होते: चावी फिरवावी, वापरावी, मापाप्रमाणें पैसे द्यावे. आणि स्पर्धा असेल तेथें ही चाल डावीकडून उजवीकडेच असते. नळ आलेल्या घरीं पुन्हां पखाल लागत नाहीं.

नुसतें चित्र आणि नकाशा यांत भेद हाच. वंशवृक्ष भिंतीवर उलटा टांगला तरी आजोबा आजोबाच राहतात. परंतु नकाशांतलें गांव बोटभर हलविलें कीं तें दुसरें गांव होतें. वॉर्डलींच्या कागदावर एखादी वस्तु घडणींतून नळाकडे सरकविली कीं तिच्याशीं वागण्याची रीतच बदलते. जें नवल आहे तेथें चुका करून शिकावें लागतें. जें नळाचें झालें तें घरीं घडवीत बसणें म्हणजे पैशांची नासाडी.

पानवाडीच्याच एका अंगावर ही चाल आम्हांस काकांनीं स्वतः दाखविली, तीही नकळत. त्यांच्या लहानपणीं विहिरीवर रहाट होता. तो गांवच्या सुतारानें विहिरीचें माप घेऊन घडविलेला, मोडला कीं त्यालाच बोलवावें लागे. त्यानंतर तेलावर चालणारें एंजिन आलें. हें दुकानांतलें. पुढें विजेचा पंप आला. तोही दुकानांतलाच, पण त्याला चालविणारी वीज मात्र तारेतून मापानें येऊं लागली. घडण, दुकान, नळ: तिन्ही पायऱ्या एकाच विहिरीच्या कांठावर एका माणसाच्या आयुष्यांत होऊन गेल्या. रहाटाचा सुतार कोठें गेला असें आम्हीं विचारलें. त्याचा नातू बोईसरला लोखंडी शटरें बसवितो, असें उत्तर मिळालें.

ह्या प्रवासांत आपल्या मराठी घरांस परिचित असलेलें एक नांव येतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचें रेखाटन शिकवीत असत; तेथून ते बेळगांवीं गेले, सायकली विकल्या, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. नांगर सुताराकडून लांकडाचा घडवून घेण्याची वस्तु आहे, दुकानांतून विकत आणण्याची नव्हे, अशी तेव्हांच्या शेतकऱ्याची धारणा होती. लोखंडानें जमीन नासते असाही समज होता. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. वस्तूला उजवीकडे ढकलणारा मनुष्य कांहीं काळ एकटाच असतो. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली, पुढें पंप आले, १९४६ मध्यें पुण्यास तेल-एंजिनांचा निराळा कारखाना निघाला. आणि काकांच्या वाडींतल्या रहाटाचा निकाल खरें म्हटलें तर तेव्हांच लागला. नकाशा हा शब्द लक्ष्मणरावांनीं ह्या अर्थानें वापरला नसेल, परंतु रेखाटनाच्या मास्तरास वस्तूचें स्थान दिसावें ह्यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

असो. रात्रीं ओटीच्या शहाबादी फरशीवर आम्हीं खडूनें नकाशा मांडला. विषय विडा. अगदीं वर पान खाणारा. त्याच्या खालीं विडा. विड्याखालीं पान, सुपारी, चुना, कात. पानाखालीं दोन फांटे फुटले: एक पान ग्राहकापर्यंत ताजें पोंचविण्याचा, दुसरा तें पिकविण्याचा. पहिल्या फांट्यावर निवड, करंडी, आगगाडी, दलाल, पैशांची वसुली, दुसऱ्यावर वेल, सावली, खत, खुडणारे हात, पाणी, पाण्याखालीं विहीर आणि पंप, पंपाखालीं वीज.

आतां प्रत्येकाची आडवी जागा. वीज उजवीकडे टोंकाला, ह्यांत वाद नव्हता. चुना, कात, आगगाडी तिच्या जवळपास. पंप दुकानांत. धाकट्यानें आपलें ॲप मोठ्या अभिमानानें डावीकडे, नवलाच्या घरांत लिहिलें. त्यावर थोरला उठला, त्यानें हाताच्या तळव्यानें तें पुसलें आणि उजवीकडे लिहिलें. “अरे, मागणी नोंदवायची सोय भाड्यानें मिळते. पैसे घ्यायचे म्हणशील तर यूपीआय आहे, भाजीवालीसुद्धां घेते. पार्सल पोंचविणारे आहेत. ह्यांत आपण घडवायचें तें काय?” २०१६ सालीं सुरू झालेली ती पैशांची सोय खरोखरच नळाची झाली आहे. धाकटा कांहीं वेळ फरशीकडे पाहत राहिला. ज्या कामाचे पैसे तो पुण्यांत मिळवितो तेंच काम घरच्या वाडीवर कर्ज काढून पुन्हां करावयाचें, असा आपल्या योजनेचा अर्थ होतो हें त्याच्या लक्षांत आलें असावें. त्याचा स्वभाव हट्टी असला तरी बुद्धि स्वच्छ आहे.

‘निवड’ हा शब्द आम्हीं दुकान आणि घडण यांच्या सीमेवर लिहिला होता. तेव्हां माजघराच्या दारांतून काकूंचा आवाज आला: “तें तिथें नाहीं.” मग त्या बाहेर आल्या. कोणतें पान दोन दिवसांचा प्रवास सोशील आणि कोणतें दुसऱ्याच दिवशीं काळें पडेल, हें देंठावरून व पानाच्या पाठीवरून ठरतें. ओलें फडकें किती ओलें ठेवावें हें त्या त्या दिवसाच्या हवेवरून ठरतें. हें सर्व गेलीं पस्तीस वर्षें त्या आणि वाडीवरची एक वृद्ध बाई अशा दोघी करीत आल्या आहेत. घरांतल्या एकाही पुरुषास तें करतां येत नाहीं. काकांनींही तें कबूल केलें. मग त्यांनीं खडू घेऊन ‘निवड’ अगदीं डावीकडे लिहिली. ह्या घरचें पान बाजारांत चार पैसे अधिक आणतें त्याचें कारण ‘तीन पिढ्यांची परंपरा’ असें कागदावर लिहिलें होतें; फरशीवर तें कारण दोन बायकांच्या चार हातांत निघालें, आणि त्यांतले दोन हात सत्तरी उलटलेले.

दुसरी गोष्ट तळाशीं होती. एकामागून एक रेघा खालीं येऊन विहिरीशीं मिळत होत्या. वेल, केळी, सुपारी, नारळ, घरचें पिण्याचें पाणी, सर्व तिच्यावर. वैशाखांत पाणी मचूळ लागतें, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. आजींनीं तर गेल्या दोन उन्हाळ्यांत चहाला हंडा शेजारून आणविला होता. समुद्राकाठच्या जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतें. पंपानें तें जितकें अधिक उपसावें तितकें खारें पाणी वर चढतें. रहाट एका मर्यादेपलीकडे उपसूंच शकत नसे. पंपास ती मर्यादा नाहीं. चाळीस पानांच्या योजनेंत विहीर हा शब्द एकदांही आलेला नव्हता, कारण पान खाणाऱ्यास विहीर दिसत नाहीं आणि योजना त्याच्याकडे तोंड करून लिहिलेली होती.

इतक्यांत थोरल्यानें एक प्रश्न विचारला, आणि तो ह्या पद्धतीच्या मर्मावर बोट ठेवणारा होता. “उजवीकडचें सगळें विकत मिळतें असें धरलें; पण विकणारा एकच असला तर?” तो राहतो त्या बोईसरापासून जवळच ह्या प्रश्नाचें उत्तर उभें आहे. तारापूरचें अणुविद्युत्केंद्र भारतांतलें पहिलें. १९६३ सालीं अमेरिकेशीं करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें दोन अणुभट्ट्या बांधून तयार अवस्थेंत द्यावयाच्या ठरल्या, आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं केंद्र रीतसर चालूं झालें. अणुशक्तीचें नवल आपल्या देशांत लवकर रुजावें म्हणून डॉ. होमी भाभा यांनीं येथें पहिलें पाऊल दुकानांतून आणलेल्या भट्टीनें टाकलें. ह्या भट्ट्यांस समृद्ध केलेलें युरेनियम लागतें. तें तीस वर्षें अमेरिका पुरविणार होती. नकाशावर पाहतां इंधन हें दुकानचा माल. परंतु दुकान एक आणि दुकानदारही एक.

१८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें भारतानें अणुस्फोटाची चांचणी केली. दुकानदाराची मर्जी फिरली. १९७८ मध्यें अमेरिकेनें अण्वस्त्रप्रसार रोखण्याचा नवा कायदा केला आणि जुन्या करारावर त्याची छाया पडली. १९८० मध्यें इंधनाच्या एका खेपेसाठीं अमेरिकन सिनेटांत मतदान झालें, आणि ती खेप दोन मतांच्या अंतरानें सुटली. माहीमच्या विहिरीवरचा पंप जिच्यावर चालतो त्या विजेची एक रेघ अशी वॉशिंग्टनच्या सभागृहापर्यंत गेलेली होती. रहाट सोडून पंप लावणाऱ्या शेतकऱ्यास तें कोठून दिसावें? १९८२ मध्यें फ्रान्सनें पुरवठा पत्करला, नंतर चीन, नंतर रशिया यांजकडूनही इंधन आलें. मध्यंतरीं आपल्या शास्त्रज्ञांनीं प्लुटोनियम मिसळलेलें इंधन तयार करून त्याच भट्ट्यांत वापरून पाहिलें. दुसरी वाट मात्र आधींपासून आंखलेली होती. नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणाऱ्या भट्ट्या आपणच घडवावयाच्या, ही भाभांच्या तीन टप्प्यांच्या आंखणीची पहिली पायरी. त्या जातीच्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या तारापुरांतच २००५ आणि २००६ मध्यें चालूं झाल्या. एकाच आवारांत विकत घेतलेली आणि घडविलेली अशा दोन जाती नांदतात. धोरण कशाला म्हणतात हें समजण्यास आम्हांस तें आवार पुष्कळ पुस्तकांहून अधिक उपयोगी वाटतें.

पण तारापुरानें ह्या पद्धतीचें उणेंही दाखविलें, आणि तें झांकून ठेवणें बरें नव्हे. नव्या दोन भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठविलीं गेलीं. विजेच्या कोणत्याही नकाशांत हीं गांवें काढावयाचीं म्हटलीं तर तीं तळाशीं ‘जमीन’ ह्या एका शब्दांत मावतात, आणि जमीन म्हणजे विकत मिळणारी वस्तु म्हणून तिला उजवीकडे ढकललें कीं काम संपतें. तेथें घरें होतीं, होड्या होत्या, वाड्या होत्या. नवी घरें मिळालीं तीं कशीं, आणि जुन्या धंद्याचें काय झालें, ह्याबद्दलच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. नकाशाच्या शिरोभागीं कोणास बसविलें ह्यावर तळाशीं कोण दडपला जाईल तें ठरतें, आणि खडू ज्याच्या हातीं तो शिरोभागीं बसणारा निवडतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६,००० कोटी रुपयांहून मोठें तें काम. त्याच्या नकाशांत शिरोभागीं सारें जग आहे. डहाणूकडचे कोळी बांधव त्यास कां विरोध करतात हें समजून घेण्यासाठीं तोच कागद त्यांना शिरोभागीं ठेवून एकदां नव्यानें काढला पाहिजे. आम्ही बंदराच्या बाजूचे कीं विरुद्ध, हा प्रश्न ह्या सदराचा नाहीं. परंतु एकच नकाशा काढून थांबणारा मनुष्य आम्हांस संशयास्पद वाटतो.

वॉर्डली यांनाही आपल्या नकाशाचें सर्व सुख मिळालें नाहीं. संगणकाची शक्ति हीही विजेसारखी मापानें विकली जाईल, हें त्यांच्या कागदानें दाखविलें. त्याप्रमाणें ‘झिम्की’ नांवाची सेवा त्यांनीं २००६ मध्यें काढली. पुढच्याच वर्षीं मूळ कंपनीनें ती बंद केली. त्याच सुमारास ॲमेझॉन कंपनीनें तोच धंदा आरंभिला होता, आणि आज पुण्यांत बसून आमचा धाकटा यजमान ज्या दूरस्थ संगणकांवर काम करतो ते तसल्याच भाड्याचे आहेत. नकाशा बरोबर असणें निराळें आणि घरच्या कर्त्यानें तो मानणें निराळें.

आतां माहीमच्या ओटीवरचा निकाल. आम्हीं तो दिला नाहीं. तो फरशीवरच दिसूं लागला. वाडी गहाण ठेवण्याचा विषय सोडून देण्यांत आला. विहिरीचें पाणी वर्षभर दर महिन्यास तपासून घ्यावयाचें, आणि पंप चालविण्याचे तास निम्म्यावर आणावयाचे, हें काकांनीं स्वतः सुचविलें. त्यासाठीं केळींना ठिबकानें पाणी देण्याचा खर्च धाकट्यानें आपल्या पगारांतून उचलला. थोरल्याची बायको आणि मोठी मुलगी यांनीं काकूंपाशीं निवड शिकावयाची. ह्या शेवटल्या कलमावर काकू म्हणाल्या, “शिकवीन, पण पहांटे चारला उठायला हवें.” मुलीचा चेहरा त्या क्षणीं पाहण्यासारखा झाला.

तथापि धाकटा सर्वस्वीं हरला असें कोणी समजूं नये. निजण्यापूर्वीं तो पुन्हां फरशीपाशीं उकिडवा बसला आणि अगदीं वर, जेथें आम्हीं ‘पान खाणारा’ असें लिहिलें होतें, तेथें त्यानें बोट ठेवलें. “काका, हा कोण?” काका गप्प राहिले. तीन पिढ्या ह्या घरचीं पानें करंड्यांत भरून गाडीनें उत्तरेकडे गेलीं. तीं कोणत्या शहरांत, कोणत्या गल्लींत, कोणाच्या तोंडीं लागतात हें घरांतल्या एकालाही सांगतां येईना. तें फक्त दलालास ठाऊक. नकाशाची खुंटीच परक्याच्या भिंतींत ठोकलेली होती. दलाल आपला वाटा कां घेतो ह्याचें उत्तर तेथें होतें, आणि धाकट्याच्या तक्रारींत जें खरें होतें तेंही तेथेंच होतें. ॲप हा त्यावरचा उपाय नसेल. पण दुखणें त्यानें बरोबर ओळखलें होतें, आणि तीन महिन्यांत तें कोणीं ऐकून घेतलें नव्हतें.

काकांनीं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, “पुढल्या आठवड्यांत करंड्या जातील, त्यांच्याबरोबर तूं जा. बघून ये.”

सकाळीं आम्ही उठलों तेव्हां ओटी सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली होती. नकाशाचा मागमूस नव्हता. थोरल्यानें रात्रींच मोबाईलवर त्याचें छायाचित्र घेऊन ठेवलें होतें म्हणून बरें. धाकट्यानें आठ दिवसांची रजा काढली आहे. काकूंनीं त्याच्याबरोबर देण्यास दोन करंड्या निराळ्या लावल्या, एक नेहमींच्या ओल्या फडक्याची आणि एक किंचित् कोरडी. मुक्कामाला पोंचल्यावर दोन्ही उघडून कोणत्या करंडींतलें पान कसें उतरलें तें त्यानें कळवावयाचें आहे.